स्वयंपाकघर सोडून बाकी घर विकणे आहे

घर विकायला काढायचं आणि बघायला आलेल्या माणसाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचं नाही, असली बाई उभ्या गोंदियात एकच निघाली, आणि ती नेमकी माझी शेजारीण. शामकलाबाई. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी एक भिंत होती. त्या भिंतीवरून तीसेक वर्षं आम्ही एकमेकींना भाजी दिली, विरजण दिलं, तापाच्या गोळ्या दिल्या आणि वेळप्रसंगी शिव्याही दिल्या.

मी प्रेमिला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. जन्मभर बोलण्याचाच पगार घेतला, त्यामुळे गप्प बसायचं कधी शिकलेच नाही. शामकलाबाई माझ्या अगदी उलट. एका वाक्यात काम भागवायची, आणि ते वाक्यही असं की समोरच्यानं पुढं काही विचारू नये. मी नवी राहायला आले तेव्हा तिला म्हटलं होतं, "तुमचा स्वभाव फार शांत आहे हो." ती म्हणाली, "शांत नाही जी. कामं राह्यते." झालं, विषय संपला.

आमची वस्ती गोंदिया शहर संपून फुलचूरची हद्द लागते त्या अंगाला. पूर्वी तिथं एक बोडी होती, म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं. राइस मिलवाल्यांनी तिच्यात वर्षानुवर्षं भुशाची राख आणून टाकली. बोडी बुजली, आणि कुणा हुशार माणसानं त्यावर प्लॉट पाडून विकले. शामकलाबाईचा नवरा दुलीचंद त्यातल्याच एका मिलमध्ये मिस्त्री होता. आपल्याच मिलची राख ज्या खड्ड्यात गेली त्याच खड्ड्यावर त्यानं घर बांधलं, आणि मोठ्या हौसेनं बांधलं. पुढच्या दोन खोल्या काठावरच्या कडक जमिनीवर आल्या, त्या टिकल्या. मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणी मात्र बोडीच्या पोटात. दर पावसाळ्यात तो भाग थोडा थोडा खाली बसायचा. दर दिवाळीला दुलीचंद सिमेंट कालवून भेगा बुजवायचा आणि कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "आता नाही हलत." पुढच्या वर्षी पुन्हा सिमेंट.

दुलीचंद २००१ साली गेला. त्यानंतर भेगा बुजवणारं कुणी राहिलं नाही. २००९च्या उन्हाळ्यापर्यंत स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला अशी चीर पडली, की बाहेरून तिच्यात माझा अख्खा हात जायचा. छताचं प्लास्टर गळून आतल्या गंजक्या सळया दिसायला लागल्या. मीच एक मिस्त्री बोलावून आणला. त्यानं बाहेरूनच भिंतीवर थाप मारली, कान लावला आणि म्हणाला, "मावशी, मागचा पूरा भाग पाडा. पाया खणा, मग बांधा. नुसती लिपापोती करून काही फायदा नाही." त्याचं म्हणणं खरं होतं. पण एकट्या बाईनं हे सगळं कुणाच्या जिवावर करायचं?

तिचा मुलगा चंद्रकुमार रायपूरला एका कारखान्यात नोकरीला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचा. पोरगा चांगला होता, उगीच त्याला कुणी नावं ठेवू नयेत. दर रविवारी फोन करायचा. तो म्हणाला, "आई, भिंत अंगावर यायची वाट पाहतेस का? विकून टाक आणि इकडे ये." मला वाटलं, आता ही डोळ्याला पदर लावणार. छे! तिनं लगेच सांगितलं, "हो, इकू."

मग तिलक आला. तिलक म्हणजे आमच्या भागातला जमिनी-घरांचा दलाल. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलणं निम्मं हिंदी. पहिल्या गिऱ्हाइकाला घेऊन आला तेव्हा मी भिंतीशी उभी राहून ऐकत होते. लपून वगैरे नाही, चांगली उघड उभी होते. शामकलाबाईनं पाहुण्यांना गूळपाणी दिलं आणि घर दाखवायला निघाली. पण दाखवणं कसलं! विकणाऱ्यानं झाकायचं ते ही बोट ठेवून दाखवत होती. "हे पाहा, पावसात इथून पानी येते. हा दरवाजा लागत नाही. ह्या खिडकीले वाळवी आहे." तिलकला घाम फुटला. मध्ये मध्ये तो म्हणायचा, "मामूली काम है साहब, मामूली." आणि ही म्हणायची, "मामूली नाही जी."

इथपर्यंतही ठीक होतं. खरं बोलणाऱ्या माणसाचं घरसुद्धा कुणीतरी घेतंच. पण स्वयंपाकघराचं दार आलं, तशी ती चौकटीला हात लावून आडवी उभी राहिली.

"हे नाही."

"मतलब?" तिलक म्हणाला.

"हे नाही दाखवत."

"अरे चाची, किचन देखे बगैर कोई घर लेता है क्या?"

"नाही घेत तं नोको घेऊ."

गिऱ्हाईक गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. तिसऱ्याच्या बायकोनं दाराच्या फटीतून डोकावायचा प्रयत्न केला, तर शामकलाबाईनं शांतपणे दार ओढून घेतलं आणि विचारलं, "चहा घेता का?" तिलक माझ्याकडे येऊन डोकं धरून बसला. गावात मग काहीच्या काही उठलं. कुणी म्हणे, आत सोन्याचा हंडा पुरला आहे. कुणी म्हणे, आत नाग आहे. कुणी म्हणे, दुलीचंद आतच फास लावून मेला, जो सरळ सरळ सरकारी दवाखान्यात कावीळ होऊन मेला होता, मी स्वतः डबा नेत होते. एक माणूस तर घर घ्यायला आलाच नाही, खणायला आला. म्हणाला, "आजी, हंडा निघाला तर अर्धा अर्धा." शामकलाबाईनं त्यालाही गूळपाणी दिलं आणि गेटपर्यंत सोडून आली.

मी हसून घेतलं, आणि मग मला राग आला. वैशाख अर्धा सरला होता. मृग लागला की मागची भिंत काही तग धरणार नाही, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. एका दुपारी मी भिंतीवरूनच तोफ डागली. "शामकलाबाई, तुम्हाला घर विकायचं आहे, की नुसता आल्यागेल्याला चहा पाजायचा आहे? काय आहे त्या स्वयंपाकघरात एवढं? तीस वर्षांत मलासुद्धा कधी आत बोलावलं नाही तुम्ही!"

हे शेवटचं वाक्य मला बोलायचं नव्हतं. पण तीस वर्षं ते आत सलत होतं, निघालं तोंडातून.

ती अंगणात कणीक मळत होती. हात धुऊन पुसले आणि म्हणाली, "ये इकडं." मी गेले. तिनं स्वयंपाकघराचं दार उघडलं, उंबऱ्यावर बसली आणि मला बाहेर पाटावर बसवलं. आत चुलीच्या बाजूला, ती फाटलेली भिंत जिथं जमिनीला मिळते त्या कोपऱ्यात, मातीचा एक बुटका ओटा होता. शेणानं सारवलेला, वर हळदीकुंकवाची बोटं, पुढं एक पणती. बस्स. एवढंच.

"चौरी आहे," ती म्हणाली. "आमच्या पोवारायची."

पोवार लोक कधीकाळी माळव्यातून इकडं आले आणि धानाच्या शेतीत रुजले, हे मी शाळेत पोरांना शिकवलं होतं. पण त्यांच्या घरात शिरून कुणी शिकवलं होतं! तिनं सांगितलं ते असं. चौरी म्हणजे घरचा देव आणि घरची मेलेली माणसं, दोघांची मिळून एकच जागा. घरातला कर्ता माणूस गेला, की त्याला चौरीत मिळवतात. मग तो तिथंच राहतो, घरच्यांच्या जेवणाखाण्याजवळ. म्हणून त्या स्वयंपाकघरात घरच्याच माणसानं जायचं, परक्यानं नाही. आणि चौरी जमिनीला टेकलेली पाहिजे. आमचं बरं आहे, आमचे देव फळीवर बसतात, उचलले की चालले.

"हे इथं बसले आहेत," ती कोपऱ्याकडं बघत म्हणाली. "हे" म्हणजे दुलीचंद. "ह्यायची जागा झाल्याशिवाय मी कोनाले आत कशी घेऊ? अन् घर तरी कशी देऊ?"

मी म्हटलं, "मग रायपूरला न्या."

"चंदरले इचारलं मी."

चंद्रकुमार पुढच्याच रविवारी आला. मायलेकरांचं बोलणं माझ्यासमोरच झालं. तो बिचारा हात जोडून सांगत होता, "आई, तिसरा मजला आहे. खाली फरशी, त्याच्या खाली दुसऱ्याचं घर. उद्या बदली झाली की क्वार्टर सोडायचं. दर बदलीला बाबांना टोपलीत घेऊन फिरू का? आपण ही माती वैनगंगेत सोडू. चांगली पूजा करून सोडू." त्याचंही काही चुकत नव्हतं. शामकलाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मानसाले पान्यात एकदा सोडते, बाबू. आपन सोडलं. घडी घडी नाही सोडत." पोरगा संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

त्याच आठवड्यात तिलकनं केशोरावाला आणलं. केशोराव एसटीत कंडक्टर, त्याची बायको गिरजा, दोन पोरी. ही माणसं वेगळी होती. भेगा पाहून घाबरली नाहीत, पोरी सरळ पेरूच्या झाडाखाली गेल्या. स्वयंपाकघराचं दार आलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, गेलं हेही गिऱ्हाईक. पण गिरजा हसून म्हणाली, "राहू द्या मावशी, नका दाखवू. आम्हाले मागचं सारं पाडूनच टाकायचं आहे. पाडायचं ते पाह्यचं कायले?" केशोराव म्हणाला, "फक्त लवकर सांगा जी. पाऊस लागाच्या आत जेसीबी लावतो म्हणतो."

शामकलाबाईचा चेहरा असा झाला की मी पुढं होऊन तिचा हात धरला. इतके दिवस लोक आत येऊ पाहत होते, तेव्हा ती दारात उभी राहू शकत होती. जो आत बघतसुद्धा नाही आणि मशीन लावतो म्हणतो, त्याच्यापुढं आडवं कसं उभं राहायचं? आणि माणसं तर चांगली. तिनं एवढंच म्हटलं, "पाच-सहा दिवस द्या."

दोन दिवसांनी वादळ आलं. आंबे झोडपणारं, वैशाखातलं. फार वेळ नव्हतं, पण सकाळी पाहते तर स्वयंपाकघराच्या भिंतीतून दोन पायल्यांएवढा ढेपसा निघून आत पडला होता, चौरीच्या अगदी बाजूला. शामकलाबाई ते उचलून बाहेर टाकत होती. मला पाहून म्हणाली, "मास्तरीण, सौंदडले येते का माया संग?"

"सौंदडला कोण आहे?"

"माया जेठ."

जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. तीस वर्षांत या माणसाचं नाव मी ऐकलं नव्हतं.

"मी कशाला हो?"

"मी त्यायच्यासंग बोलत नाही. आमच्यात जेठासंग बोलत नाही. मी सांगीन ते तू बोलजो."

बोलायलाच न्यायचं म्हटल्यावर मी नाही कशी म्हणणार! कोहमाऱ्याच्या बसमध्ये बसलो. गोरेगाव मागं पडलं तरी ती तोंडातून शब्द काढीना. कोहमाऱ्याला उतरून धाब्यावर चहा घेतला, ट्रकांची धूळ अंगावर घेत, तेव्हा कुठं तिनं सांगितलं.

भांडण पैशाचं नव्हतं, शेताचंही नव्हतं. त्यांच्या घरात नवा खायची रीत. नवीन धान आलं की त्याचा तांदूळ रांधून आधी चौरीला दाखवायचा, मग घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. एक जरी माणूस यायचा राहिला तरी बाकीच्यांनी थांबायचं. आता नवीन धान येतं तेव्हाच राइस मिलचा हंगाम. एका वर्षी दुलीचंदला सेठनं सोडलं नाही, मशीन बंद पडलं होतं. सौंदडला सगळं घर उपाशी त्याची वाट पाहत बसलं. पोरं रडून झोपली. म्हातारा बाप दुपारपासून पाटावर बसला होता, त्याला भोवळ आली. दुलीचंद दुसऱ्या दिवशी पोचला, तेव्हा थोरला भाऊ लक्ष्मीचंद दारातच म्हणाला, "ज्याले घरच्या नव्यापेक्षा सेठचं मशीन मोठं, त्यानं आपली चौरी वेगळी करावं." आणि घरच्या चौरीतली ओंजळभर माती काढून त्याच्या हातावर दिली. दुलीचंदनं ती माती धोतराच्या सोग्यात बांधून गोंदियाला आणली आणि आपल्या घरात चौरी घातली. दोघा भावांचं बोलणं तेव्हापासून बंद. दुलीचंद गेला तेव्हा सौंदडहून एक पुतण्या तेवढा येऊन गेला.

"आणि आता तुम्ही ती माती परत घ्या म्हणायला जाऊन राहिल्या?" मी विचारलं.

"होय."

"आणि नाही म्हणाले तर?"

"मंग मी घर नाही इकत. भिंत पडन तं पडन. मी तिथंच राहीन ह्यायच्यापाशी." हे ती अगदी साधेपणानं म्हणाली. ही बाई बोलते ते करते, मला माहीत होतं.

सौंदडला लक्ष्मीचंदचं घर रस्त्यापासून जरा आत, पुढं कवेलूच्या छपराची पडवी. म्हातारा खाटेवर बसून सुतळी वळत होता. ऐंशीच्या घरात, पण पाठ ताठ. त्यांची सून भूमेश्वरी आम्हाला पाहून आधी गोंधळली, मग शामकलाबाईच्या पाया पडली. शामकलाबाईनं पदर नाकापर्यंत ओढला आणि माजघराच्या दाराआड जाऊन बसली. मी मध्ये, एका बाजूला दार, एका बाजूला खाट.

मी माझी ओळख सांगितली. म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहून विचारलं, "ती कायले आली म्हना?"

मी दाराकडं पाहिलं. आतून आवाज आला, "घर इकून राहिली म्हना."

"घर विकतायत त्या," मी म्हटलं.

"ऐकू आलं मले," म्हातारा म्हणाला. "मी काही बहिरा नाही."

"मग मी कशाला आले आहे?" मी चिडून म्हटलं, आणि भूमेश्वरी तोंडाला पदर लावून हसली. पण रीत ती रीत. मीच सगळं सांगितलं. बोडीची राख, फाटलेली भिंत, केशोरावाचा जेसीबी, चंद्रकुमारचा तिसरा मजला. शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हाही मी इतकं जीव तोडून बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, "दुलीचंदभाऊंना आता जागा नाही. चौरीची माती तुमच्या चौरीत परत मिळवून घ्या, एवढंच मागणं आहे."

म्हाताऱ्याचे हात सुतळीवर थांबले. मग म्हणाला, "देल्ली ते देल्ली. काढून देल्लेली माती परत घेत नाही. असं कोनी केलं नाही आमच्यात."

मला जो संताप आला! मेलेल्या माणसावर कसला राग धरायचा? मी म्हटलं, "बाबाजी, एका दिवसाच्या उशिरासाठी किती वर्षं शिक्षा? मी तर पोरांना एक तास उभं करून सोडून देत होते!"

"तुमी नोको बोलू मधात," म्हातारा कडक आवाजात म्हणाला. "बाप माया मांडीवर भोवळ येऊन पडला होता. तुमी नोहत्या तिथं."

आता उठावंच, असं मी ठरवलं. तेवढ्यात दाराआडून आवाज आला, आणि या वेळी "म्हना" नव्हतं.

"जेठजी."

भूमेश्वरीच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. म्हाताऱ्यानं मान वर केली. शामकलाबाई दारात येऊन उभी होती. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिचा आवाज त्या माणसानं पहिल्यांदा ऐकला असेल.

"त्या सालानंतर ह्यायनं नवा खाल्ला नाही," ती म्हणाली. "एक डाव बी नाही. नवीन तांदूळ मी रांधाची. चौरीले दाखवाची. तू खा, लेकराले वाढ म्हनत. आपन जुन्या तांदळाचा भात खात. सारा दिस मिलमंदी नव्या तांदळात राहत, अंगभर कोंडा घेऊन घरी येत, अन् जुना भात खात. मी भांडली त्यायच्यासंग. म्हनत, दादानं हाक देल्ली का खाईन. मराच्या आधी दवाखान्यात म्हनलं, दादा आला का. एवढंच सांगाचं होतं. आता तुमी घ्या का नोको घेऊ."

म्हाताऱ्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून तोंडावर धरला. खांदे हलत होते. मी दुसरीकडं पाहिलं. माझेही डोळे भरले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते.

"मी वाट पाह्यत होतो," तो दुपट्ट्याआडूनच म्हणाला. "दर साली. वाटे, येईन. धाकटा आहे, त्यानं याव. आपन कायले जाव?" मग त्यानं तोंड पुसलं आणि सरळ तिच्याकडं पाहून विचारलं, "माती आनली का?"

"नाही."

"काऊन?"

"तुमी हो म्हनल्याशिवाय कशी आनू?"

"घेऊन ये. चंदरले सांग, बापाले घेऊन ये." तो थांबला. "अन् एकली माती नोको आनू. तुयी जेठानी गेली, आता चौरीवर दिवा ही पोरगी लावते, तिले रीत माहीत नाही पुरी. तू कुठं जातं रायपूरले? तिथं का आहे तुयं? मागची खोली खाली आहे. तू ये."

सगळे दिवस आम्ही दुलीचंदच्या जागेची काळजी केली. चंद्रकुमारनं केली, मी केली, तिनं तर केलीच. शामकलाबाई कुठं राहील हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मुलाकडं जाईल, संपलं, असं सगळ्यांनी धरलं होतं, मीही. ती चौकटीला टेकली. हळूहळू खाली बसली आणि रडायला लागली. दुलीचंद गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. भूमेश्वरी तिच्याजवळ जाऊन बसली.

"येतो, जेठजी," ती शेवटी म्हणाली.

परतीच्या बसची वाट पाहत आम्ही कोहमाऱ्याला उभ्या होतो. तिनं मला तिलकला फोन लावायला सांगितला. "त्याले म्हना, केशोरावाले घर देल्लं. आठ दिवसानं चावी घेऊन जा म्हना." मी तसं सांगितलं. तिलक फोनवर एवढा ओरडला की शेजारचा माणूस वळून पाहायला लागला. मग तिनं चंद्रकुमारला लावायला सांगितला. त्याला स्वतःच सांगितलं, थोडक्यात. तो म्हणाला, "मी शनिवारी येतो आई. मीच उचलतो." तिनं फोन मला परत दिला. चेहरा कसा हलका झाला होता, कित्येक वर्षांत पाहिला नव्हता तसा.

बस आली. बसलो. तिनं खिडकीशी जागा घेतली आणि बोलत सुटली. हो, शामकलाबाई बोलत सुटली! सौंदडच्या विहिरीचं पाणी कसं गोड आहे, मागच्या खोलीत पूर्वी धानाची कोठी होती, भूमेश्वरीची पोरगी कुणासारखी दिसते. मी नुसतं हं हं करत होते. गोरेगाव आलं तसं मला राहवेना.

"आणि मी?" मी म्हटलं.

"का झालं?"

"काही नाही. तुमची जागा झाली, दुलीचंदभाऊंची झाली, केशोरावाची झाली. उद्या भिंतीवरून मी कुणाला हाक मारू? गिरजाला?"

"मास्तरीण, तूच तं मले म्हने, लवकर इका."

"म्हटलं होतं! मला काय माहीत तुम्ही खरंच विकाल!"

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. बसमधली दोन-चार डोकी वळली. शामकलाबाईनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि घट्ट धरून ठेवला. "रडू नोको," ती हळूच म्हणाली. "लोक पाहून राह्यले."

"पाहू देत," मी म्हटलं, आणि गोंदिया येईपर्यंत रडत राहिले.